बाबांचे चार डबे

स्टीलच्या चांगल्या डब्याला कोणी तळातून भोकं पाडतं का, सांगा मला! आमच्या देवरामकाकांनी पाडली. ड्रिल मशीन आणून, मोजूनमापून पाडली, आणि डब्यात कोरफड लावली. शनिवारी सकाळी मी त्यांच्या गच्चीवर तो डबा उलटा धरून उभी, सगळी ओली माती माझ्या ड्रेसवर, आणि काका कौतुकाने सांगतायत, "पाणी साचायला नको ना गं प्रतिभा, म्हणून."

"काका, ह्याच्या तळाला आकडे कोरलेले होते."

"होते की. मला वाटलं, चिमाजीचा पीएफ नंबर असेल."

आता कुठली मुलगी आपल्या बापाचा पीएफ नंबर डब्याच्या बुडाला कोरून गल्लीभर वाटेल? पण काकांना काय बोलणार! बाबांचे जुने दोस्त, ओझरच्या कारखान्यात दोघं एकाच शिफ्टला. मी नुसती कपाळाला हात लावून जिन्यात बसले. त्या आकड्यांत माझ्या घराची किल्ली होती. अख्खी नव्हे, एक तुकडा. आणि निम्म्याहून जास्त आकडे काकांच्या ड्रिलने खाल्ले होते.

नीट सांगते, नाहीतर तुम्हीही काकांसारखंच माझ्याकडे बघाल.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला असिस्टंट. घरात मी आणि आई, सुमनबाई. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आईचे डोळे काचबिंदूने नेले. आता तिला उजेड कळतो, सावली कळते, बाकी सगळं बोटांनी. माझा धाकटा भाऊ दीपक आणि त्याची बायको संजना पुण्याला असतात. मी दिवसभर कामावर आणि आई एकटी, म्हणून मी हळूहळू घराला बोलतं केलं. नोकरीसाठी नाही हो, माझ्या हौसेने. रविवारचे रविवार घातले. पाव किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटर, आणि घरातले झाडून सगळे दिवे, बटणं, गॅसचा सेन्सर, टाकीची मोटर, गेट, सगळं त्याला जोडलेलं. गॅस चालू राहिला की घर ओरडतं. टाकी भरली की सांगतं. ओळखीच्या माणसाचा फोन गेटपाशी आला की घर नाव घेतं, "आई, विमलाबाई दूध घेऊन आल्यात." मशीनचा आवाज आईला आवडेना, "रेल्वे स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं" म्हणाली, म्हणून मी माझाच आवाज भरला. भरताना माझं डोकं तापलेलं होतं, चौथ्यांदा भरत होते, त्यामुळे घर जरा खेकसून बोलतं. आईचं म्हणणं, तेच बरं आहे, तू घरात असल्यासारखं वाटतं.

आता असं घर उद्या कोणी बाहेरच्याने इंटरनेटवरून हातात घेतलं तर? म्हातारी बाई एकटी आत, आणि दार तिसराच उघडतोय! म्हणून मी सगळ्याला कुलूप घातलं. ही किल्ली लोखंडाची नसते, एक लांबलचक आकडा असतो. ती असेल तर बटणं खोक्याचं ऐकतात, डिस्कवर ठेवलेली सगळ्या जोडणीची नक्कल उघडते. नसेल तर सगळं मुकं. मुख्य किल्ली एका छोट्या चिपमध्ये, ती खोक्यातच खोचलेली. पण ती गेली तर? कागदाला वाळवी लागते. आमच्या कॉलनीत लाकडी कपाटंसुद्धा वाळवीने खाल्लीत. पेनड्राइव्हवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून त्या आकड्याचे मी गणिताने चार तुकडे केले. कोणतेही तीन जमले की किल्ली तयार. दोन असतील तर काही उपयोग नाही. म्हणजे एखादा तुकडा चोराच्या हातात पडला तरी घर सुरक्षित, आणि एखादा हरवला तरी आपलं अडत नाही.

आणि ते ठेवायचे कुठे, तर स्टीलवर. बाबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पाहुण्यांना डबे वाटायचे होतेच. भांडी बाजारात त्या नाव घालणाऱ्याकडे बसून मी सगळ्या डब्यांच्या बुडाला कोरून घेतलं, 'कालकथित चिमाजी पगारे यांच्या स्मरणार्थ.' आणि चार डब्यांवर त्या नावाखाली आकड्यांच्या दोन बारीक ओळी. एक डबा घरात ठेवला. एक सिंधुमावशीला, ओझरला. एक भागुआत्याला, नांदगावला. एक देवरामकाकांना, मागच्या गल्लीत. आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही. का सांगू? किल्ली आहे म्हटल्यावर आत्याने ती अख्ख्या नांदगावला दाखवली असती.

तर सोमवारी दुपारी कॉलनीतली लाईट गेली, आली, परत गेली, आणि आली ती अशी आली की शेजारचे दोन टीव्ही गेले आणि माझं खोकं गेलं. चिपसकट. जळका वास घरभर. आईने नेहमीसारखं दूध तापायला ठेवलं. घर काही बोललं नाही. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं जळलं, आणि तो वासही आईला खोक्याचाच वाटला. देवरामकाकांनी धूर पाहिला, धावत आले, गॅस बंद केला. एवढं छान केलं, आणि मग फोन कोणाला केला? मला? छे! पुण्याला, दीपकला.

दीपकचा मला फोन. "ताई, बस झाला तुझा खेळ. रविवारी गाडी घेऊन येतो. आईला इकडे आणतो."

"खेळ कोणाला म्हणतोस रे?"

"आई जळाली असती."

मी फोन ठेवून दिला. आई पलंगाच्या कडेला बसली होती. म्हणाली, "प्रतिभा, तू काहीही कर. इथल्या भिंती मला पाठ आहेत. इथं मला दिसतं. तिकडं नेलंत की मी आंधळी होईन."

एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघराची चौकट धरून आत गेली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं. नवीन खोकं कपाटात पडूनच होतं. सगळ्याची नक्कलही डिस्कवर होती, कुलूपबंद. किल्ली लागली तर एका दुपारचं काम. नाही लागली तर घरातलं प्रत्येक बटण भिंतीतून काढून, शिडीवर चढून, पहिल्यापासून जोडायचं, त्याला महिनाभर सहज. आणि दीपक रविवारी येणार.

मी घरातला डबा काढायला गेले. डबा जागेवर नाही. "आई, बाबांचा डबा कुठाय? ह्या फळीवरचा?"

"अगं, त्याच्यातून संजनाला मेतकूट नाही का पाठवलं? तिला आवडतं ना."

"तोच डबा मिळाला तुला?"

"का? डब्यासारखा डबा. आणि यांचं नाव आहे म्हणून मुद्दाम तोच दिला. यांच्या नावावरून बोट फिरवलं की बरं वाटतं गं. म्हटलं, पोरालाही वाटू दे."

आईच्या समोरच दीपकला फोन लावला आणि पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं. बुडाचा फोटो काढून पाठव म्हटलं, बाकी काही नको. त्याने विचारलं, "असे डबे कोणाकोणाला दिलेस?"

सांगितलं. आत्या, मावशी, देवरामकाका.

"बरं," म्हणाला. "बघतो."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, संजनाने तो डबा मोडीत दिला, त्याच्यावर नवीन कढई घेतली. मी लॅबमध्ये होते. इतका संताप आला की हातातला मल्टिमीटर टेबलावर आपटला. बाबांच्या नावाचा डबा, मोडीत! संजनाला काय काय नाही बोलले मी मनातल्या मनात! बाबांचं नाव असलेली वस्तू कोणी भंगारात देतं का? नुसती आग आग झाली.

मग ओझर. सिंधुमावशीचा डबा धडधाकट. तिने त्यात खडीसाखर ठेवली होती, आणि तो देऊ म्हणेना. "फोटो काढायचा तर काढ, डबा माझ्या भाऊजींचा आहे." फोटो काढला. एक तुकडा झाला.

मग रजा टाकून नांदगाव. भागुआत्या दारातच भेटली. "लय दिवसांनी आलीस गं पोरी! बस, चहा ठेवते."

"आत्या, बाबांचा डबा कुठाय?"

"हाय की. लय कामाचा हाय तो." आणि बाईने शेगडीवरून काळाकुट्ट डबा उचलून माझ्या हातात दिला. आत्या त्या डब्यात तूप कढवते, थेट गॅसवर. बुडाला बोटभर काजळी. मी चिंच मागितली, राख मागितली, घासणी मागितली, आणि ओट्यापाशी उकिडवी बसून दीड तास ते बूड घासलं. आत्या शेजारी बसून विचारतेय, "नवीन घेऊन देऊ का पोरी तुला? एवढं काय त्याच्यात?" माझे हात काळे, नखं काळी, आणि आत्या मला कसलासा झटका आला असावा अशा नजरेने बघतेय. पण आकडे निघाले. एक तीन आहे की आठ, तेवढं नक्की कळेना. दोन्ही करून बघू म्हटलं. दोन तुकडे.

राहिले देवरामकाका. ते तुम्हाला सांगितलंच.

तर शनिवारी दुपारी माझ्याकडे दोन तुकडे होते आणि एक कोरफडीचं रोप. मी भोकांतले आकडे अंदाजाने भरायचा प्रयत्न केला. असे किती अंदाज लागतात ह्याचा हिशोब केल्यावर कॉम्प्युटर बंद केला. माझी योजना काय वाईट होती, सांगा! एक तुकडा हरवला तरी चालेल अशी होती. दोन जातील हे कोणाच्या ध्यानीमनी असणार! माणसांनी डब्याला डब्यासारखं वापरू नये, एवढीच अपेक्षा होती माझी.

रविवारी सकाळी मी आईची बॅग भरायला घेतली. पातळं घातली, औषधं घातली, काढली, परत घातली. आई भिंतीला हात लावत लावत एकदा सगळं घर फिरली. बाबांच्या खुर्चीपाशी थांबली, गच्चीच्या जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. मला ते बघवेना. मी उगाच खोक्याच्या वायरी गुंडाळत बसले.

अकराच्या सुमारास गाडी आली. घर गप्पच. आईने गेटचा आवाज ऐकून विचारलं, "आला का?" दीपक आत आला, आईच्या पाया पडला, माझ्याकडे बघेना. मीही बघितलं नाही. संजना मात्र नेहमीसारखी, हसतमुख. तिचा मला इतका राग आलेला की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आई, बेसनाचे लाडू केलेत," म्हणून तिने पिशवीतून डबा काढून आईच्या हातात दिला. बाबांच्या नावाचाच डबा होता. मला त्यात काही वाटलं नाही. पुण्यानुमोदनाला दीपकच्या घरीही एक साधा डबा गेलेला, तोच असणार.

आईने तो मांडीवर घेतला. झाकण उघडलं नाही. उचलून बुडावरून बोट फिरवलं, तिची सवयच ती. एकदा फिरवलं, मग परत फिरवलं, सावकाश. मग म्हणाली, "संजना, हा डबा कुठला गं?"

"तुमचाच ना आई. मेतकूट पाठवलेलं तो. म्हटलं रिकामा कसा परत करायचा, म्हणून थांबले होते. काल लाडू केले आणि भरला."

आईने डबा माझ्याकडे केला. "प्रतिभा, हे घे. तुझे आकडे ह्याच्यावर आहेत."

मी डबा हिसकावलाच. झाकण घट्ट धरून उलटा केला. बाबांचं नाव, आणि खाली दोन ओळी, स्वच्छ, एक ओरखडा नाही. मी दीपककडे बघितलं. तो बॅगेच्या पट्ट्याशी खेळत होता, कान लालभडक.

"मोडीत दिला होता ना रे?" मी म्हटलं. "कढई घेतली होती ना? आठवडाभर मी नांदगावला राखेने भांडी घासतेय, काकांच्या गच्चीवर माती खातेय, आणि डबा तुझ्या घरात? बोल की आता!"

संजना म्हणाली, "कुठली कढई?" आणि मग तिच्याही लक्षात आलं, ती दीपककडे बघायला लागली.

"मला आईची काळजी वाटते," दीपक म्हणाला.

"मग तसं सांगायचं. खोटं कशाला बोललास?"

"आणि तू?" तो एकदम उसळला. "बाबांच्या डब्यात घराची किल्ली ठेवलीस. आत्याला दिलीस. मावशीला दिलीस. मागच्या गल्लीतल्या देवरामकाकांना दिलीस. मी कोण होतो गं? मला साधा डबा! पाहुण्यांतला!"

"तू हसला होतास. म्हणाला होतास, ताईचं लग्न कॉम्प्युटरशी झालंय."

"मग? हसलो म्हणून मी घरातला नाही?"

"हसणाऱ्याच्या हातात कुलूप देत नाही मी!"

"भांडा," आई म्हणाली, "पोटभर भांडा. पण आधी ते आकडे उतरवून घे. आणि दीपक, गॅसजवळचं ते स्टूल आण. मला इथं बसायचंय."

ते 'इथं' ऐकलं आणि दीपक सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याने स्टूल आणलं.

मी आकडे घातले. आत्याच्या डब्यातला तो आकडा तीन धरून बघितला, नाही चाललं. आठ धरला. चालला! मी एकटीच ओरडले, "उघडलं!" दुसऱ्या कोणाला काय उघडलं ते कळलं नाही. तीनच्या सुमारास नवीन खोकं सुरू झालं, एकेक दिवा जागा झाला. आईने मुद्दाम गॅस चालू ठेवून बघितला आणि घर माझ्या आवाजात खेकसलं, "आई, गॅस!" दीपक दचकून उभाच राहिला. आई हसायला लागली. किती दिवसांनी हसली.

"असं ओरडते ती रोज?" दीपकने विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "म्हणून तर मला काही होत नाही."

बॅग उघडून मी पातळं परत कपाटात ठेवली. दीपक बघत होता. नको म्हणाला नाही.

निघायच्या वेळी आईने मला आत बोलावलं. "तो डबा दे त्याला परत."

"कुठला?"

"आकड्यांचा. काहीतरी भर त्यात. रिकामा देऊ नको."

"आई, वेड लागलंय का तुला? आठवडाभर खोटं बोलला तो! तुझी बॅग भरायला लावली त्याने मला!"

"हो. खोटं बोलला." आईने डबा चाचपून ओट्यावर ठेवला. "काय करू मग? खोटं बोलला म्हणून घरातून काढू का त्याला? एक तुकडा राहू दे त्याच्याकडे. तुझे हे मोठे मोठे आकडे मला कळत नाहीत. पण मला काही झालं तर घर उघडायला दोघं लागावीत, एकटी तू नको."

मला पटलं नाही. खरंच सांगते, अजून पूर्ण पटलेलं नाही. पण मी फणकाऱ्याने शेंगदाण्याची चटणी काढली, डबा भरला, झाकण दाबून बसवलं आणि बाहेर जाऊन दीपकच्या हातात आदळला. "मोडीत देऊ नकोस."

"नाही देत."

"गॅसवर ठेवू नकोस. भोकं पाडू नकोस."

"भोकं कोण पाडतं?" तो म्हणाला.

ते गेले. मी खोकं कपाटात नीट बसवत होते. दोन मिनिटांत गाडी परत आल्याचा आवाज आला. दीपक चष्मा विसरला होता. तो गेटपाशी आला आणि माझं घर, माझ्याच आवाजात, गल्लीत ऐकू जाईल एवढ्याने ओरडलं, "आई, गेटवर अनोळखी माणूस आहे! दार उघडू नकोस!"

मी खिडकीत गेले. गेटच्या दांड्यावर हात ठेवून दीपक तसाच उभा होता. विमलाबाईंचं नाव होतं घराला, देवरामकाकांचं होतं, मावशीचं होतं. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याचंसुद्धा होतं.

"कोण आहे गं?" आतून आई म्हणाली. "प्रतिभा, कोण अनोळखी आलंय?"

दीपकने वर बघितलं. तो हसत नव्हता, चिडलेलाही नव्हता. नुसता उभा होता, आत यायचं की नाही ते न कळल्यासारखा.

"दीपक आहे आई," मी ओरडले. आणि मग त्याला म्हटलं, "असा उभा काय राहिलास? आत ये. तुझा फोन दे इकडं, नाव घालायचंय."